केसपेपरवर ‘मजुरी’ एवढेच

सरकारी दवाखान्याचा केसपेपर आपल्या समाजातल्या प्रत्येकाने कधी ना कधी हातात धरला आहे. खिडकीतून नाव विचारले जाते, वय विचारले जाते, गाव विचारले जाते. धंदा विचारलाच तर उत्तर ठरलेले असते आणि पुष्कळदा विचारण्याआधीच लिहूनही झालेले असते. ‘मजुरी’. महागाव तालुक्यातल्या कितीतरी बौद्ध, मातंग, बंजारा, आंध, गोंड बायामाणसांचे अख्खे आयुष्य या तीन अक्षरांत बसवले जाते. पण मजुरी म्हणजे काय? कोणी दुसऱ्याच्या वावरात पऱ्हाटीवर औषध मारतो, कोणी दिवसभर ओणवी होऊन निंदते, कोणी कोयता घेऊन सहा महिने ऊसतोडीला जातो, कोणी पुण्याकडे बांधकामावर विटा वाहतो, कोणी भट्टीवर राबतो, कोणी सालदार म्हणून गोठ्यातच झोपतो. यातल्या प्रत्येकाचे दुखणे वेगळे आहे. कागदावर मात्र सगळे सारखे.

पुढचे चित्रही नेहमीचेच. बाई डॉक्टरसमोर उभी राहते. ‘काय होते?’ ‘अंग दुखते साहेब, चक्कर येते.’ डॉक्टर डोळ्याची पापणी खाली ओढून पाहतो, रक्त कमी आहे म्हणतो, लोहाच्या गोळ्या लिहून देतो. ‘पौष्टिक खात जा, आराम करा, आठ दिवसांनी या.’ दोन मिनिटांत सगळे आटोपते. यात डॉक्टरचे निदान चुकलेले नसते. रक्त खरोखरच कमी असते. पण पौष्टिक खायला घरात काय आहे, आराम केला तर त्या दिवसाची चूल कशी पेटेल, आठ दिवसांनी यायचे तर तो रोज कोण भरून देणार, हे त्या दोन मिनिटांत कुठेच येत नाही. बाई मान हलवते, बाहेर येते आणि पुन्हा कधी येत नाही. मग दवाखान्यात तिची ओळख होते, ‘हे लोक सांगितलेले ऐकत नाहीत.’

आमचा मुद्दा या वाक्यापासून सुरू होतो. रुग्ण कोणत्या परिस्थितीत जगतो, काय काम करतो, काय खातो, कुठून येतो हे विचारणे म्हणजे डॉक्टरने फुरसतीत दाखवायचा दयाळूपणा नव्हे. तो तपासणीचाच भाग आहे. नाडी पाहिल्याशिवाय जसे भागत नाही तसे हे विचारल्याशिवाय भागत नाही. याचा सर्वांत भयंकर धडा आपल्या यवतमाळ जिल्ह्यानेच साऱ्या देशाला दिला आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर या काळात, जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. कोणाला दिसेनासे झाले होते, कोणाच्या उलट्या थांबत नव्हत्या, कोणी भ्रमिष्टासारखे वागत होते. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली होती. हवा दमट होती. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारण्याचा सपाटा चालला होता, जोराने तुषार उडवणारे पंप आले होते, आणि हातमोजे, मास्क, चष्मा यांचे नाव नव्हते. उंच पिकात शिरून वर फवारायचे म्हणजे ते विष आपल्याच तोंडावर, छातीवर, पाठीवर झेलायचे.

अशा रुग्णाला डॉक्टरने पहिला प्रश्न कोणता विचारायला हवा? कोणते औषध मारले, हा. कारण उपचार त्यावर ठरतो. मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस विषावर अॅट्रोपीन आणि पॅम ही औषधे आहेत. डायफेन्थियुरॉनसारख्या दुसऱ्या जातीच्या विषावर नेमका उताराच नाही, तिथे रुग्णाचा श्वास आणि शरीर सांभाळत राहावे लागते. अंदाजाने भलताच उतारा दिला तर त्याचाही त्रास होतो. मात्र मजुराला हे नाव कसे माहीत असणार? डबा मालकाच्या घरी, मिश्रण मालकाने किंवा कृषी केंद्रवाल्याच्या सल्ल्याने केलेले, डब्यावरची माहिती मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. त्याच्या हाती आला तो भरलेला पंप. म्हणजे ‘कोणते औषध?’ या प्रश्नाला जोडून ‘वावर कोणाचे? डबा कोणाकडे आहे? किती दिवस सलग मारत होता? पंप कोणता? अंगातले कपडे तेच आहेत का?’ हे सारे विचारावे लागते आणि एखाद्याला मालकाच्या घरी पाठवून डबा आणवावा लागतो. ‘धंदा: मजुरी’ लिहून हे होत नाही.

इथे भाषेचीही एक गंमत आहे, जीवघेणी गंमत. आपल्या भागात कीटकनाशकाला औषधच म्हणतात. दवाखान्यात मिळते तेही औषध. त्यातून ‘औषध मारले’ आणि ‘औषध घेतले’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ फवारणी केली, दुसऱ्याचा अर्थ जीव द्यायला विष प्यायले. बाहेरून नव्याने आलेल्या शिकाऊ डॉक्टरने घाईत ऐकले आणि उलटे लिहिले तर उपचाराची दिशा बदलते, पोलिसी कागद बदलतो, आणि मागे राहिलेल्या बाईला मदत मिळायची की नाही तेही बदलते. शेतकरी आत्महत्यांच्या या जिल्ह्यात विषाचा रुग्ण आला की आत्महत्याच असणार असे गृहीत धरणे फार सोपे आहे.

लिहिलेल्या नोंदीला किती वजन असते तेही याच प्रकरणाने दाखवले. स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेने २०२० मध्ये मांडले की पोलिसांच्या कागदपत्रांत सिन्जेंटा कंपनीच्या ‘पोलो’ या कीटकनाशकाचे नाव ९६ विषबाधांशी जोडलेले आहे. कंपनीने जबाबदारी नाकारली. २०२१ मध्ये यवतमाळच्या दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांचा दावा बासेलच्या न्यायालयात दाखल झाला. निकाल काय लागायचा तो लागो. पण कोणीतरी कधीतरी ‘काय मारले होते?’ असे विचारले आणि उत्तर कागदावर उतरवले, म्हणूनच हा प्रश्न सात समुद्रापार जाऊ शकला. ज्यांना कोणी विचारलेच नाही त्यांचे दुखणे चक्कर आणि उलटी एवढ्यावरच संपले.

आणि मदत? राज्य सरकारने मृतांच्या वारसांना २ लाखांची मदत जाहीर केली. परंतु नेहमीसाठी जी अपघात योजना आहे, २०१५ पासूनची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची आणि २०२३ नंतर सानुग्रह अनुदानाच्या रूपात चालणारी, ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. ज्याच्या नावाने सातबारा नाही तो दुसऱ्याच्या वावरात विष झेलून मेला तर या योजनेच्या हिशेबात तो शेतकरी नाही. जमीन कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही हे या देशात कोणी ठरवले ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

डॉक्टरने धंदा विचारावा ही काही आजची कल्पना नाही. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होऊन गेला. कामगारांच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ १७०० साली निघाला. हिपोक्रेटिसने वैद्याला जे प्रश्न विचारायला सांगितले त्यांत आणखी एक घाला, ‘तुझा धंदा काय?’, असे त्याने त्यात सांगितले. पण त्याला हा प्रश्न सुचला कसा ते आमच्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावे. त्याच्या स्वतःच्या घरचा शौचकूप उपसायला एक सफाई कामगार आला होता. तो जिवाच्या आकांताने घाई करत होता. रामाझ्झिनीने त्याला विचारले, एवढी घाई का? कामगाराने डोळे वर केले आणि सांगितले की चार तासांहून जास्त या जागेत थांबले तर आंधळे व्हायची पाळी येते. वैद्याने त्याचे डोळे तपासले, ते लाल आणि मंद झालेले होते. व्यवसायजन्य रोगांचे शास्त्र उभे राहिले ते असे, एका मैला उपसणाऱ्याला माणूस समजून प्रश्न विचारण्यातून. आपल्या देशात हजारो वर्षे मैला उपसला गेला आणि त्या माणसाला कोणी डोळ्यांबद्दल विचारले नाही. त्याला फक्त जात विचारली गेली.

इथे आम्ही थांबतो, कारण आपल्यातलेच काही जाणते कार्यकर्ते आम्हाला अडवतील. म्हणतील, दवाखान्यात परिस्थिती विचारा म्हणता, मग जातही विचारतील, आणि जात विचारली की पुढे काय होते ते आम्हाला ठाऊक आहे. हा आक्षेप खोटा नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत दिली आहे. ती १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त पत्ररूपाने आली होती. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर दोन रुपये फीवर यायला तयार झाला, पण वस्तीच्या आत येणार नाही या अटीवर. बाळंतिणीला तान्ह्या लेकरासह बाहेर आणावे लागले. थर्मामीटर डॉक्टरने एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला आणि तो निघून गेला. बाई मेली. या डॉक्टरला रुग्णाची सामाजिक परिस्थिती पुरेपूर माहीत होती! त्या माहितीचा उपयोग त्याने अंतर मोजण्यासाठी केला.

म्हणजे प्रश्न विचारला की भागले असे नाही. कशासाठी विचारतो यावर सारे आहे. दुसऱ्या बाजूला सावित्रीबाई आठवा. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि त्याच प्लेगने त्या गेल्या. पोर कुठल्या वाड्यातले आहे हे त्यांनाही माहीत होते. तीच माहिती, पण एकाने वेशीबाहेर थांबायला वापरली आणि दुसरीने वेशीच्या आत जायला.

आम्ही हे ताणून धरतो त्याला विदर्भात एक ठोस कारण आहे. सिकलसेल. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या या आजाराबद्दल १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. तेव्हापासून माहीत आहे की विदर्भात हा आजार आदिवासींबरोबर पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आहे, इतर जातींतही आहे. पोराचे हातपाय सुजतात, सांधे ठणकतात, कावीळ झाल्यासारखे डोळे पिवळे होतात, वारंवार ताप येतो. ज्याला विदर्भ माहीत नाही असा डॉक्टर त्याला संधिवात समजतो, कावीळ समजतो, कधी ‘शाळा बुडवायचे सोंग’ समजतो. घरात असे आणखी कोणी आहे का, एखादे भावंड लहानपणी गेले का, आई-बापाचे मूळ गाव कोणते, एवढे विचारले असते तर एका साध्या रक्ततपासणीने पुढची वाट उघडली असती. दोन्ही आई-बाप वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी आजाराची शक्यता असते. हे लग्नाआधी कळणे आणि तिसरे पोर गेल्यावर कळणे यांत केवढा फरक आहे!

केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. तिचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो असायलाच हवा, आमच्या कोलाम-गोंड-आंध बांधवांचा तो हक्क आहे. परंतु विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांचे काय, हा प्रश्न कोणी विचारायचा? तो आपणच विचारायचा. आणि विचारताना हे ‘अमक्या जातीचे दुखणे’ आहे असा शिक्का बसू द्यायचा नाही. आमचे मत साफ आहे. या पट्ट्यात शाळेतल्या प्रत्येक मुलाची, प्रत्येक गरोदर बाईची तपासणी जात न विचारता व्हावी. तोवर डॉक्टरला मात्र कळले पाहिजे की समोरचे पोर ज्या वस्तीतून आले तिथे हा आजार आहे.

आणि निदान झाल्यावरही प्रश्न संपत नाहीत. सिकलसेलच्या रुग्णाला सांगतात, भरपूर पाणी प्या, थंडी-ऊन टाळा, अंगमेहनत टाळा. कोणाला सांगतात? मे महिन्यात दोन घागरींसाठी रांग लावणाऱ्या आईच्या पोराला. वावरात जिथे पिण्याच्या पाण्याचा डबा घरूनच न्यावा लागतो तिथे जाणाऱ्या तरुणाला. महागाव तालुक्यातच २२ जुलै २०२३ रोजी आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला आणि माणसे काढण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. अशा ठिकाणच्या रुग्णाला ‘गोळ्या खंड न पाडता घ्या’ म्हणताना पावसाळ्यात रस्ता राहतो का, एवढे तरी विचारावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचे तर विचारूच नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात हे २०१९ मध्ये उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. चाळिशीच्या आतल्या कितीतरी. अंगावरून जाते, कंबर दुखते म्हणून बाई दवाखान्यात गेली. कुठे झोपतेस, न्हाणीची सोय आहे का, पाळीत काय वापरतेस, किती ओझे उचलतेस, एक दिवस खाडा केला तर मुकादम किती कापतो, हे विचारायचे होते. त्याऐवजी कॅन्सरची भीती घातली गेली आणि ऑपरेशन झाले. न विचारण्यातही कोणाचा तरी धंदा असतो तो असा.

आता कोणी म्हणेल, डॉक्टरने गरिबी विचारून करायचे काय? गरिबी काही गोळीने जात नाही. याला अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातले उत्तर आहे. तिथे माऊंड बायू या काळ्या लोकांनी वसवलेल्या गावी डॉ. जॅक गायगर यांनी १९६० च्या दशकात आरोग्य केंद्र उभे केले. कापसाच्या मळ्यातल्या मजुरांची पोरे भुकेने आजारी पडत होती. हो, तिथेही कापूसच! गायगर यांनी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून द्यायला सुरुवात केली, किराणा दुकानातून घ्या आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर टाका. वरचे साहेब रागावले तेव्हा त्यांनी सांगितले की कुपोषणावरचा उपचार अन्नच आहे असे आमच्या पुस्तकात लिहिले आहे. आपल्याकडे झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना दरमहा शिधा देऊन पाहिला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या घरांतल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. सरकार क्षयरोग्याला २०१८ पासून महिन्याला ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये पोषणासाठी देते. ते खात्यात आले का, खाते कोणाच्या ताब्यात आहे, एवढे विचारणारा डॉक्टर गरिबी हटवत नसेल, पण रोगी वाचवतो.

डॉक्टरांवर आम्ही सगळे खापर फोडत नाही. बाहेर शंभराची रांग असते, जागा रिकाम्या असतात. प्रश्न डॉक्टरनेच विचारावेत असेही नाही. आशाताईला वस्तीतल्या प्रत्येक घरात काय शिजते ते माहीत असते. पण तिचे हे ज्ञान केसपेपरवर उतरवायला कोणी सांगत नाही, तिच्याकडून नुसते आकडे भरून घेतात. २०२२ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना खेड्यातली कुटुंबे दत्तक घेऊन त्यांचा पाठपुरावा करण्याचा उपक्रम लागू झाला आहे. चांगले आहे. ती पोरे सरपंचाच्या ओट्यावर चहा पिऊन परततात की गावकुसाच्या या टोकापर्यंत येतात, यावर वस्तीतल्या तरुणांनी नजर ठेवावी.

एक गोष्ट मात्र विचारणाऱ्याने पाळलीच पाहिजे. चार माणसांत, खिडकीतून ओरडून ‘घरी संडास आहे का? नवरा पितो का?’ विचारायचे नाही. कंपाउंडर गावचाच, रांगेत मालकाचा माणूस उभा, अशा वेळी बाई खरे सांगणार नाही आणि सांगितले तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. कशासाठी विचारतो ते आधी सांगावे, आडोशाला विचारावे, आणि उत्तर द्यायचे नसेल तर उपचार तोडू नये.

राहिला प्रश्न आपल्या चळवळीचा. १४ एप्रिलला आपण आरोग्य शिबिर घेतो. बीपी, शुगर तपासतो, बॅनरसमोर फोटो काढतो. महागाव, फुलसावंगी, हिवरा, गुंज, कुठेही जयंतीला हे दिसते. त्याच टेबलावर एक वही ठेवून कोण कोणाच्या वावरात फवारायला जातो, कोणाच्या घरात सांधे सुजणारे पोर आहे, कोण कोणत्या कारखान्याला ऊसतोडीला जाणार, हे ज्याचे त्याला विचारून लिहून घेता येईल. आजाऱ्याबरोबर यवतमाळला जाणाऱ्या कार्यकर्त्याने डॉक्टरने विचारण्याची वाट न पाहता स्वतः सांगावे, आणि फवारणीचा रुग्ण असेल तर आधी मालकाच्या घरी जाऊन रिकामा डबा ताब्यात घ्यावा. मालक देत नसेल तर मोबाइलवर लेबलाचा फोटो काढावा. पुढचा फवारणीचा हंगाम जुलैत सुरू होतो.